हुरड्याचं रान, सामाईक उतारा आणि तहसीलची नोटीस

मोहोळ तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या 41 वर्षांच्या आहेत. सासऱ्यांच्या मागे 5 एकर 10 गुंठे रान एकाच गटात आहे आणि उताऱ्यावर सासूबाई, नवरा, धाकटा दीर आणि दोन नणंदा अशी सामाईक नावं आहेत. रान गावठाणापासून दीड किलोमीटरवर, जिल्हा मार्गाच्या कडेला. चार वर्षांपूर्वी ताईंनी हुरड्याच्या हंगामात पाहुणे घ्यायला सुरुवात केली. आधी नुसती आगटी आणि कापडी मांडव होता. पुढे दोन पक्क्या खोल्या, संडास-बाथरूम झालं. गेल्या वर्षी पत्र्याचं शेड टाकून कडक भाकरीचं काम सुरू केलं, त्यावर गावातल्या सहा बायका आहेत. ग्रामपंचायतीत नोंद आहे, घरपट्टी भरली जाते. आठ दिवसांपूर्वी तहसीलची नोटीस आली: शेतजमिनीचा विनापरवाना अकृषिक वापर, एक महिन्यात खुलासा करा. दीर म्हणतात, ‘आपल्या रानात आपण काय बी करू, परवानगी कशाला?’ आणि ते कशावरही सही करायला तयार नाहीत. एक एजंट साडेचार लाखांत अख्ख्या गटाची एनए (बिनशेती परवानगी) करून देतो म्हणतोय. पैसे नसतील तर रस्त्याकडचे दोन-दोन गुंठ्यांचे दहा तुकडे स्टँपवर विकायचा सल्लाही त्यानेच दिलाय. ताई विचारतात, ‘एनए करू, की शेड पाडून मोकळी होऊ?’

ताई,

शेड पाडू नका. एजंटला पैसेही देऊ नका. निदान हे उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत तरी नको.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना नोटीस मोठी वाटली. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की नोटिशीचा भाग त्यातल्या त्यात सोपा आहे, खरी गाठ उताऱ्यावर आहे. पण मुदत चालू आहे, म्हणून आधी नोटिशीचं बोलू.

दिरांचं म्हणणं एका अर्थाने चुकीचं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये ‘शेतातली इमारत’ ही वेगळी सोय आहे. अवजारं, खत, कडबा ठेवायला, निघालेला माल साठवायला, जनावरं बांधायला, घरच्या माणसांना किंवा गड्यांना राहायला बांधलेली इमारत ही शेतीच्याच कामाची धरली जाते. त्यामुळे रानातल्या प्रत्येक भिंतीसाठी एनए लागते असं नाही. पण पैसे घेऊन पाहुणे मुक्कामाला ठेवायच्या खोल्या आणि विक्रीसाठी भाकरी भाजायचं शेड त्या व्याख्येत ओढून बसवता येणार नाही. भाकरी घरच्या ज्वारीची असली तरी तिथे सहा बायका मजुरीवर काम करतात आणि माल बाहेर विकला जातो. त्याला प्रक्रिया उद्योगच म्हणावं लागेल. तेव्हा रान आपलं आहे हे खरंच, पण ते कशासाठी वापरायचं याची नोंद सरकारदरबारी ‘शेती’ अशी आहे, आणि ती नोंद न बदलता वापर बदलला एवढाच नोटिशीचा मुद्दा आहे. अशी नोटीस संहितेच्या कलम 45 खालची असते. तिच्यातून दंड होऊ शकतो, वापर थांबवायचा आणि जमीन पूर्ववत करायचा आदेशही निघू शकतो. म्हणून उत्तर न देता बसणं हा एकच मार्ग मी पूर्णपणे नाकारते.

ग्रामपंचायतीच्या नोंदीवर तुमचा फार भरवसा दिसतो. तो तुमच्यासारख्या हजारो जणांचा असतो, म्हणून जरा थांबून सांगते. नमुना 8 हा कर आकारणीचा कागद आहे. घर उभं आहे, त्यावर कर लावला, एवढंच तो सांगतो. जमीन तुमची आहे हे तो सिद्ध करत नाही, बांधकामाला परवानगी होती हेही नाही, आणि वापर बदलायला मंजुरी मिळाली हे तर मुळीच नाही. पावत्या फेकू नका, खुलाशाला जोडा. आम्ही काही लपवलं नाही, कर भरत आलो, हे त्यातून दिसतं. पण तीच ढाल करून उभं राहिलात तर सुनावणीत पहिल्या पाच मिनिटांत ती गळून पडेल.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘शेजारच्या गावात एकाने घर बांधलं, त्याला एनए लागलीच नाही.’ लागली नसेल, शक्य आहे. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीच्या निवासी वापरासाठी कलम 42-ड ची वेगळी तरतूद आहे. तिथे स्वतंत्र बिनशेती परवानगीच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत, ठरलेली रक्कम भरून काम होतं. विकास आराखड्यातल्या जमिनींसाठीही अशीच तरतूद आहे. तुमचं रान दीड किलोमीटरवर आहे आणि वापर निवासी नाही. त्याचा नियम तुम्हाला लावून चालणार नाही.

आता एजंटच्या ‘अख्ख्या गटाची एनए’ कडे येऊ. माझा पहिला प्रश्न असा की अख्ख्या गटाची कशाला? तुम्ही दिलेल्या मापांवरून मी बेरीज केली. शेड, खोल्या, संडास, गाड्या लावायची जागा, सगळं धरून सहा गुंठ्यांच्या आसपास जातं. गट आहे 210 गुंठ्यांचा. उरलेल्या 204 गुंठ्यांत तुम्ही ज्वारी पेरता, आणि त्या ज्वारीवरच तुमचा हुरडाही चालतो आणि भाकरीही. वापरातल्या तेवढ्याच क्षेत्राचा बिनशेती अर्ज करता येतो. सगळं रान बिनशेती करून घेतलंत आणि घरात दुसरी शेतजमीन नसेल, तर शेतकरी असल्याचा तुमचा पुरावाच कमी होतो. कूळवहिवाट आणि शेतजमीन कायदा, 1948 च्या कलम 63 मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. उद्या तुमच्या मुलाला शेजारचं अर्धा एकर घ्यायचं म्हटलं तर तो अडेल. पीककर्ज, शेतीच्या योजना, सगळंच त्या उताऱ्यावर उभं आहे. एजंटला गुंठ्यागणिक पैसे मिळतात, म्हणून त्याला 210 गुंठे दिसतात. तुम्हाला सहाच दिसले पाहिजेत.

आणि त्या सहातही सगळ्यांना एकच माप लावू नका. हंगामापुरता कापडी मांडव आणि आगटी वेगळी, पक्क्या खोल्या वेगळ्या, शेड वेगळं.

शेडचं बघू. संहितेचं कलम 44-अ हे खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी आहे आणि मालावर प्रक्रिया करणं त्यात येतं. जमीन त्या कलमाच्या अटींत बसत असेल, म्हणजे हक्क निर्वेध असेल, जायला रस्ता असेल, तिथल्या आराखड्यात असा वापर चालत असेल, तर आधी परवानगी घ्यावी लागत नाही. वापर सुरू केल्यापासून 30 दिवसांच्या आत तहसीलदारांना लेखी कळवावं लागतं. ते तुम्ही केलं नाही, कारण कुणी सांगितलंच नाही. उशिरा का होईना, खुलाशातच हा मुद्दा मांडा: हे शेड कलम 44-अ खाली पाहावं, आणि तसं बसत नसल्यास एवढ्याच क्षेत्राचा अकृषिक परवानगीचा अर्ज आम्ही करत आहोत. दोन्ही दारं उघडी ठेवा.

खोल्यांसाठी कलम 44 खालचा अर्जच लागेल असं धरून चाला. हा अर्ज रीतसर दाखल झाल्यावर 90 दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाल्याचं मानलं जाईल, असं कायद्यात आहे. एजंट हे वाक्य फार रंगवून सांगतात. पण अर्जात एक कागद कमी असला की तो त्रुटी काढून परत येतो, म्हणून त्या 90 दिवसांच्या भरवशावर एक वीटही रचू नका. आणखी एक, बिनशेतीचे नियम आणि शुल्क गेल्या काही वर्षांत वारंवार सैल झाले आहेत, सनदेची, म्हणजे बिनशेतीच्या दाखल्याची, पद्धतही बदलत गेली आहे. अर्ज टाकायच्या आठवड्यात तहसीलच्या बिनशेती टेबलावर जाऊन आजचा नियम आणि आजचं चलन विचारा. दोन वर्षांपूर्वीचा कुणाचा तरी अनुभव उपयोगाचा नाही.

लोक इथे आणखी एका ठिकाणी फसतात. जमिनीचा वापर बदलायची परवानगी महसूल खात्याची, आणि बांधकाम नकाशाची मंजुरी नियोजनाच्या कायद्याखालची. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असं होत नाही. डिसेंबर 2020 मध्ये बहुतेक राज्याला जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तिच्यात शेती झोनमध्येही फार्महाऊस, कृषी पर्यटन अशा वापरांना अटींवर जागा ठेवली आहे. म्हणून आधी सोलापूरच्या नगररचना कार्यालयातून तुमच्या गटाचा झोन दाखला, म्हणजे आराखड्यात तो कोणत्या वापराच्या पट्ट्यात आहे याचा कागद, काढा. एका कागदात पुढची निम्मी दिशा कळते. राज्याचं कृषी पर्यटन धोरणही 2020 चंच आहे. पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी जरूर करा, तुमचा हुरडा त्यासाठीच आहे. फक्त नोंदणी झाली की खोल्या आपोआप नियमित झाल्या असं समजू नका, तेवढं नगररचनाला लेखी विचारा.

तुम्ही लिहिलंय की शेड रस्त्यापासून तीस फुटांवर आहे. कुठून तीस फूट? डांबराच्या कडेपासून की रस्त्याच्या मध्यापासून? बिल्डिंग लाइन आणि कंट्रोल लाइन, म्हणजे रस्त्याकडेच्या बांधकामाच्या मर्यादा, या मध्यापासून मोजतात, आणि रस्त्याच्या दर्जाप्रमाणे ती अंतरं वेगळी असतात. बांधकाम खात्याच्या उपविभागात गट नंबर देऊन लेखी घ्या. शेड त्या रेषेच्या आत येत असेल तर बाकी सगळे कागद असूनही ते अडेल. मग ते उचलून मागे नेणं हाच उपाय. पत्र्याचं आहे, नटबोल्टवर उभं आहे, हलवता येईल. हे आधी कळलं तर खर्च हजारांत, मंजुरीनंतर कळलं तर लाखांत.

तुमच्या भागातल्या वाचकांसाठी दोन गोष्टी जोडून सांगते. माळढोक अभयारण्य 1979 मध्ये जाहीर झालं तेव्हा ते 8,496 चौरस किलोमीटरचं होतं, आणि उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा या तालुक्यांतली पिकाची खासगी रानं त्यात आली होती. कित्येक वर्षं तिथे बिनशेतीचं प्रकरण म्हटलं की काम थांबायचं. 2012 मध्ये ते क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आलं आणि बरीच गावं सुटली, सगळी नाही. आपला गट आत आहे की बाहेर, हे वनखात्याकडून लेखी घ्या. दुसरं म्हणजे उजनी धरणाचं लाभक्षेत्र. तिथल्या अनेक उताऱ्यांवर ‘इतर हक्क’ या रकान्यात पुनर्वसनाचा शेरा असतो. लोक सातबारा हातात घेतात, स्वतःचं नाव आणि क्षेत्र बघतात आणि घडी घालतात. तो उजवीकडचा रकाना वाचायचाच राहतो. सोसायटीचा बोजा, पुनर्वसनाचा शेरा, कुळाची जुनी नोंद, वाटेचा हक्क, सगळं तिथे असतं. आणि वर भोगवटादार वर्ग 1 आहे की 2, हेही बघा. वर्ग 2 असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय पुढे सरकता येत नाही.

दोन-दोन गुंठ्यांच्या विक्रीबद्दल मी सौम्य शब्द वापरणार नाही. ते करू नका. 1947 चा तुकडेबंदी कायदा आजही आहे. 2023 च्या अधिसूचनेप्रमाणे प्रमाणभूत क्षेत्र जिरायताला 20 गुंठे आणि बागायताला 10 गुंठे आहे. त्याखालचा तुकडा विकला तर खरेदीखत नोंदवून मिळत नाही, म्हणून एजंट स्टँपवर, नोटरीवर म्हणतोय. घेणाऱ्याचं नाव उताऱ्यावर लागणार नाही. तो शेतकरी नसेल तर कलम 63 चाही भंग. दहा प्लॉट पाडून विकायचे तर रेराची (घर-प्लॉटच्या विक्रीवरच्या नियामकाची) नोंदणीही आडवी येते, कारण क्षेत्र 500 चौरस मीटरच्या वर आणि प्लॉटही आठांहून जास्त. ‘सरकार नंतर नियमित करतंच’ हे एजंट सांगतो, आणि सरकारने तशा सवलती वेळोवेळी दिल्याही आहेत. पण त्या एका ठरावीक तारखेच्या आधी होऊन गेलेल्या व्यवहारांसाठी असतात. आज केलेल्या व्यवहाराला त्यांचा आधार नाही. आणि ताई, ते प्लॉट घेणार कोण? गावातला शिक्षक, एखादा ड्रायव्हर, आयुष्यभराची शिल्लक घालून. पाच वर्षांनी तो बायको-पोरांसह तुमच्या दारात येईल, एजंटच्या नाही.

एजंटबद्दल माझा एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी एक शेतकरी माझ्याकडे बिनशेतीचा आदेश घेऊन आले. पैसे मोजून झालेले, त्यावर बँकेत कर्जाचा अर्जही केलेला. कागदावर गोल शिक्का होता, जावक क्रमांक होता, सही होती. फक्त आदेशाची तारीख रविवारची होती. कार्यालयात जाऊन जावक नोंदवही उघडली, तर त्या क्रमांकावर दुसऱ्याच गावचं कसलंसं पत्र. ते गृहस्थ बाकावर बसून राहिले, बराच वेळ काही बोलले नाहीत. म्हणून माझं कायमचं सांगणं असतं: अर्ज लिहायला, नकाशा काढायला माणूस लावा, वकील लावा, आर्किटेक्ट लावा. पण अर्ज स्वतःच्या सहीने, स्वतःच्या हाताने द्या आणि चलन स्वतःच्या नावाने भरा.

आता मघाशी म्हटलेली गाठ. तुम्ही दिरांना अडथळा म्हणताय. मला शंका आहे. सामाईक गटात सहा गुंठे तुम्ही वापरताय, तेही रस्त्याकडचे, सगळ्यात मोलाचे. वाटणी झालेली नाही. दिरांनी बिनशेतीच्या अर्जावर सही केली की रस्त्याकडची बाजू कायमची मोठ्या भावाची झाली, असं त्यांना वाटत असणार. ‘परवानगी कशाला’ असं ते म्हणतात, त्यात मला ‘माझ्या हिश्श्याचं काय’ हे ऐकू येतं. तुम्ही त्यांना परवानगीचं महत्त्व पटवत बसलात तर ते हलणार नाहीत. वाटणीचा विषय तुम्हीच आधी काढा. शिवाय सहहिस्सेदारांच्या संमतीशिवाय तुमचा अर्ज पुढे जाणारच नाही, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीनेही पहिली पायरी तीच आहे.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, ‘नणंदांना काही नको आहे.’ हे त्यांनी कधी म्हटलं, कुणासमोर म्हटलं? तोंडी ‘नको’ म्हणण्याला किंमत नाही, हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं. आणि ते मागण्याआधी मोकळेपणाने एकदा विचारा तरी. वडिलांच्या जमिनीत मुलींचा हिस्सा मुलांइतकाच आहे. राखीच्या दिवशी ‘आम्हाला काही नको गं’ म्हणणारी बाई मनातून विचारलं जाण्याची वाट बघत असते, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की यावर गप्प राहवत नाही. त्या सोडत असतील तर त्यांच्या इच्छेने सोडू द्या, घेत असतील तर आनंदाने द्या.

वाटणी एकमताची असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करता येतं. शेतजमिनीच्या वाटणीचं मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. त्याआधी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाका. रस्त्याची बाजू भावाभावांत अशी वाटा की दोघांच्याही हिश्श्याला रस्ता लागेल, मागच्या हिश्श्याला वाट सोडायची असेल तर तिची रुंदी वाटणीपत्रात लिहा. विहीर सामाईक असेल तर पाण्याच्या पाळ्याही लिहा. वाटपात कुणाचा तुकडा प्रमाणभूत क्षेत्राखाली जात नाही ना, तेवढं मोजणीदाराला विचारून घ्या.

आणि तुमचं स्वतःचं नाव? उद्योग तुमचा, बायका तुमच्या नावाने येतात, पण उताऱ्यावर तुम्ही कुठेच नाही. लक्ष्मी मुक्ती योजनेखाली नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. वाटणीचा फेरफार मंजूर झाला की लगेच तो अर्ज तुमच्या यजमानांना करायला सांगा. प्रक्रिया उद्योगाच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान कर्जाला जोडून मिळतं. तिथेही कागद कुणाच्या नावाचे आहेत हे बघितलं जातं.

एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट राहिली. शेडचे दिवे आणि पीठ मळायचं यंत्र शेतीपंपाच्या कनेक्शनवर आहे असं तुम्ही ओघात लिहिलंय. ते आजच बंद करा. वीज कायदा, 2003 च्या कलम 126 मध्ये अशा वापराची आकारणी दुप्पट दराने होते. शेडसाठी वेगळं मीटर मागा. अन्नसुरक्षेची नोंदणी झाली नसेल तर तीही करून टाका, ऑनलाइन होते.

या आठवड्यात मात्र एवढंच करा. खुलासा साध्या मराठीत, दोन पानांत लिहा: काय बांधलंय, किती क्षेत्रात, कधीपासून, कोणत्या समजुतीने. घरपट्टीच्या पावत्या, उतारा, आठ-अ (खातेउतारा), शेडचे फोटो जोडा. झोन दाखल्याचा आणि मोजणीचा अर्ज टाकून त्यांच्या पोचा जोडा, वाटणीची प्रक्रिया सुरू करत आहोत हे लिहा, आणि नियमानुकूल करून घ्यायला तीन महिन्यांची मुदत मागा. खोल्यांतला मुक्काम निर्णय होईपर्यंत बंद ठेवतो असंही लिहा, आणि खरंच बंद ठेवा. आदेश विरोधात गेला तर प्रांतांकडे अपिलाला 60 दिवस मिळतात. तेव्हा आदेशाची प्रत कोणत्या तारखेला हातात आली हे त्यावरच लिहून ठेवा.

खुलाशाच्या दोन प्रती न्या. एक आवक टेबलावर द्या, दुसरीवर तारीख, क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. दिरांनाही सोबत न्या. सही करायची नसली तरी गाडी चालवायला म्हणून न्या, येताना कँटीनवर चहा घ्या आणि वाटणीचं बोलणं तिथेच सुरू करा.